काचेच्या धाग्यावरची पावलं

सातेरबंदरच्या धक्क्यावरचं फाटक मला पहिल्यांदा ‘नमस्कार, विश्राम कोयंडे’ म्हणालं, तेव्हा अण्णांना जाऊन चार महिने झाले होते.

चैत्रातली सकाळ होती. खाडीवर पांढरं, खारट धुकं उतरलं होतं आणि पलीकडचा किनारा कुणी ओल्या बोटानं पुसून टाकावा तसा दिसेनासा झाला होता. माझ्या चपलेचा अंगठा आदल्या दिवशी तुटला होता, म्हणून पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या अण्णांच्या वहाणा मी पायात सरकवल्या होत्या. त्या मला बसतात. आमचे पाय पहिल्यापासून सारखे. अण्णा म्हणायचे, “बापाच्या वहाणा लेकाला बसायला लागल्या की त्याला मित्र मानावं. लेकीला बसल्या तर काय मानावं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.”

मी फाटकापाशी पोचले, आणि खांबातून अण्णांचं नाव घेणारा तो मऊ, कुणाचाच नसलेला आवाज आला. मी मागे वळून पाहिलं. ओला रस्ता, एक कुत्रं आणि धुकं. दुसरं कुणी नव्हतं.

 मग परत रस्त्याच्या टोकापर्यंत गेले आणि पुन्हा चालत आले.

“नमस्कार, विश्राम कोयंडे.”

मी कोल्हापूरला कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. त्यामुळे हे काय झालं असावं, हे मला लगेच कळायला हवं होतं. कळलंही. पण घरी येईपर्यंत मी ते कळू दिलं नाही.

धक्क्याच्या रस्त्याखाली केसाएवढ्या जाडीचा काचेचा धागा पुरलेला आहे. आपले फोन चालतात तसाच. किनारा किती खचतो हे मोजायला एका संशोधन संस्थेनं तो टाकला होता. धाग्याच्या एका टोकातून प्रकाशाचे बारीक ठोके आत सोडत राहायचे. काच कितीही निर्मळ असली तरी घडताना तिच्यात कुठे कुठे दाटपणा, विरळपणा राहून जातो. त्यावर आपटून प्रकाशाचा अगदी थोडा अंश मागे फिरतो. तो किती वेळानं परतला यावरून तो कुठून परतला हे कळतं. वर कुणी पाऊल टाकलं की माती दबते, धागा कल्पनेपलीकडे सूक्ष्म असा ताणला जातो, आणि तेवढ्या जागेवरून परतणाऱ्या प्रकाशाची लय ढळते. म्हणजे धाग्याचा प्रत्येक हातभर तुकडा हा एक कान आहे. अख्खा रस्ता ऐकत पडलेला असतो.

पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की हा कान माणसंही ओळखतो. टाच आधी की चवडा, डाव्या-उजव्यात किती थांबा, वजन कुठल्या बाजूला. प्रत्येकाची चाल वेगळी. ज्यांना हवं त्यांनी आपली चाल नोंदवावी, असं संस्थेनं गावाला सांगितलं. अण्णा धक्क्याचे व्यवस्थापक. पहिली नोंद त्यांची आणि त्यांना डबा घेऊन येणाऱ्या आईची. सुट्टीत आले तेव्हा माझीही झाली. गावाला गंमत वाटली. फाटक येणाऱ्या-जाणाऱ्याला नावानं नमस्कार करू लागलं. एक शिरपाद मात्र प्यायला की जमीन त्याला ओळखायची नाही. त्याची बायको म्हणायची, “जमीन नसांदे, मी बरोबर वळखतंय.”

मग मार्गशीर्षातली ती दुपार आली. पलीकडून आलेल्या तरीच्या बोटीतून उतरलेल्या एका माणसानं वाटेत पोतं ठेवलं. वाटेत सामान ठेवायचं नाही, हा अण्णांचा नियम. ते स्वतः सांगायला गेले. पोत्यात बॉम्ब होता. अकरा माणसं गेली. तरीचा पत्रा अजून वाकलेलाच आहे.

अण्णांच्या वहाणांचे दोन जोड होते, एकाच चांभाराकडचे, एकाच बाजूनं झिजलेले. एक त्यांच्या पायात होता. दुसरा पडवीत राहिला.

* * *

“यंत्र ‘हा कोण’ असं विचारत नाही, केतकीताई,” सुहैल म्हणाला. “ते विचारतं, ‘माझ्या ओळखीच्यांपैकी हा कुणाच्या सगळ्यांत जवळचा?’ तुमच्या साध्या चपलेत तुम्ही तुमच्याच जवळ असता. काकांच्या वहाणेत काकांच्या जवळ जाता.”

सुहैल दर्वेश धाग्याची देखभाल करणारा अभियंता. रत्नागिरीचा. अण्णांच्या कचेरीशेजारच्या खोलीत त्याचा पडदा होता. काळ्या पडद्यावर एक बारीक निळी रेघ, आणि तिच्यावर चालणाऱ्या माणसांचे उजेडाचे ठिपके. पाऊल पडलं की ठिपका जरा मोठा व्हायचा, उचललं की लहान.

“पण ते गेलेत, हे त्याला माहीत नाही?”

“कुणी सांगितलंच नाही. गेलेल्यांचं काय करायचं, हे कुणी ठरवलेलंच नाहीये.” त्यानं कळफलक पुढे ओढला. “काढून टाकू नाव?”

पडद्यावर एक ठिपका फाटकाकडून बाजाराकडे चालला होता. कुणीतरी मासळी घेऊन घरी जात असावं.

“राहू दे सध्या,” मी म्हटलं.

आईसाठी मी लांब रजा घेतली होती; तेव्हापासून रोज उजाडताना मी अण्णांच्या वहाणा घालून धक्क्यावर जाऊ लागले. लहान असताना मी त्यांच्या मागे, त्यांच्या पावलांवर पावलं टाकत याच रस्त्यानं चालायची. त्यांचं डावं पाऊल किंचित रेंगाळायचं; लहानपणी माडावरून पडले होते. मी तेही रेंगाळवायची. आता ते आपोआप रेंगाळत होतं. भरतीची चुळचुळ, जाळ्यांचा वास, पायाखाली मातीत कुठेतरी मागे वळणारा उजेड, आणि शेवटी ते नाव. चालताना मला कधी कधी वाटायचं, की मी कुठेच जात नाहीये, कुणीतरी मला पायात घालून चाललंय.

मी शिकलेली बाई आहे. शोकाबद्दल पुष्कळ वाचलेलं आहे. त्यातलं काही त्या रस्त्यावर उपयोगी पडलं नाही, आणि त्याची उणीवही भासली नाही.

* * *

वैजयंती परुळेकर आमच्या घरी आल्या त्या भर दुपारी, एकट्या. गाडी रस्त्यावरच सोडली होती. जहाजांच्या कज्ज्यांतल्या नावाजलेल्या वकील. आता लोकसभेला उभ्या होत्या. मार्गशीर्षातल्या त्या अकरांत तरीत बसलेला त्यांचा पुतण्याही होता. बावीस वर्षांचा. त्यामुळे गावात कुणी त्यांना परकं मानत नव्हतं. सगळे वैजूताईच म्हणायचे.

आईनं कोकम सरबत दिलं. त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला.

“केतकी, मी भाषण द्यायला नाही आले. भाषणं माझ्याकडे पोत्यानं आहेत. मला तीन गोष्टी करायच्या आहेत. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत प्रत्येक धक्का, प्रत्येक खाडी, प्रत्येक बंदर-बाजार, सगळीकडे हा धागा. मग प्रत्येकाची चाल नोंदलेली, राहणाऱ्याची आणि येणाऱ्याचीही. आणि तिसरी गोष्ट, ज्याची चाल कुणाशीच जुळत नाही त्याच्यासाठी फाटक आपोआप बंद. आधी अडवायचं, मग विचारायचं. आपण आजवर उलटं करत आलो. आधी मरायचं, मग चौकशी.”

आई दारात उभी होती. ती मान डोलावून म्हणाली, “बराच हा तां.”

“शत्रू समुद्रातून येतो, काकी, पण शेवटी चालतच येतो. बोट लपवता येते. चेहरा झाकता येतो. कागद खोटे करता येतात. चाल खोटी करता येत नाही.”

मी त्यांच्याकडे पाहत होते. पडवीत अण्णांच्या वहाणा होत्या. सकाळची ओली वाळू अजून त्यांना चिकटलेली होती.

“माझ्याकडून काय हवंय?” मी विचारलं.

“प्रचाराच्या सांगतेची सभा धक्क्यावर घेतेय. तिथं तू फक्त चालायचं. फाटक तुझं नाव घेईल, उघडेल, तू आत येशील. लोकांना दिसेल की जमीन आपल्या माणसाला ओळखते. आणि तुझी हरकत नसेल तर…” त्यांनी पेला खाली ठेवला. “विश्रामकाकांची त्या दुपारची चाल धाग्यात जपलेली आहे. ती मोठ्या पडद्यावर दाखवायची. जमिनीला कळत होतं, आपण तिला विचारलं नाही, एवढंच म्हणायचं.”

मी ती चाल पाहिली नव्हती. सुहैलनं दोनदा विचारलं होतं, मी दोनदा नको म्हटलं होतं.

“ती दाखवायची नाही. चालेन मी,” मी म्हणाले.

त्यांनी लगेच मान हलवली. “नाही दाखवणार.” आणि खरंच, तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मी हो म्हटलं, कारण मला तसंच वाटत होतं. आणखी कुणाच्या अण्णांनी पोतं उचलायला सांगायला जाऊ नये. बाकी जे होतं ते माझं आणि त्या रस्त्याचं खाजगी होतं. त्याचा देशाशी काही संबंध आहे, असं मला तेव्हा वाटलं नाही.

* * *

सभेच्या आदल्या आठवड्यात संस्थेनं पोलिसांना घेऊन फाटकाच्या चाचणीचा दुसरा टप्पा सुरू केला. फाटक आता नुसतं नमस्कार करत नव्हतं. अनोळखी पावलाला बंद होत होतं.

दुसऱ्या दिवशी आई धक्क्यावर मासळीला गेली ती रिकामी पिशवी घेऊन परतली. पायरीवर बसली. पदरानं मान पुसली.

“काय झालं गं?”

“माका आडवल्यानी.”

“कुणी?”

“फाटकान. तांबडो दिवो लागलो. मगे दोन पोलीस इले, पत्र्याच्या शेडीत बसवल्यानी. वळख पटत नाय म्हणतत. चार मान्सां होती थंय. एक बाळंतीण होती, एक तो गुडघ्याचा आपरेशन केललो मास्तर.” ती स्वतःच्या पायांकडे पाहू लागली. “चाळीस वर्सां त्या वाटेर चलतंय मी. जमनीक सांग गो, गेले ते तुझे अण्णा. मी खंय गेलंय?”

मी सुहैलकडे गेले. त्यानं आईच्या जुन्या आणि नव्या पावलांच्या रेघा एकावर एक ठेवल्या. नवी रेघ मंद होती, पावलं जवळ जवळ, टाच ओढत आलेली. हे मला अपेक्षित होतं. माणूस गेलं की मागे राहिलेल्यांची चाल बदलते, हे कुणाही पोरक्या माणसाला विचारावं. पण सुहैल दुसरंच काही दाखवत होता.

“हे बघा. जुन्या नोंदीत उजवं पाऊल दर वेळी जड. डावं हलकं. नव्यात दोन्ही सारखी. काकी उजवीकडे कलून चालायच्या का?”

मी पाहत राहिले. आणि मग मला तो दिसला: पितळी, चार पुडांचा, वर कडी. भात, आमटी, भाजी आणि तळात बांगड्याचं तिकलं. रोज दुपारी, उजव्या हातात.

“डबा,” मी म्हणाले. “तिची नोंद डब्यासकट झालीय.”

सुहैलनं खुर्ची मागे घेतली. “म्हणजे जमिनीला काकी माहीतच नाहीत. डबा घेतलेल्या काकी माहीत आहेत.”

दुसऱ्या दिवशी आईनं डबा भरला. रिकामा नेऊन चालेल, असं मी म्हटलं. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी डब्याची कडी लावायला पुढे झाले. रिकाम्या डब्याचं वजन वेगळं असतं, हे तिला शिकवायची गरज नव्हती. आणि रिकामा डबा घेऊन ती त्या वाटेनं कधी गेलेली नव्हती. ती पुढे, मी थोडी मागे, माझ्या साध्या चपलेत. डब्याचं वजन हाताला लागताच तिची पाठ थोडी ताठ झाली. पाऊल लांब पडू लागलं. दुपारच्या उन्हात रस्ता पाण्यासारखा हलत होता आणि त्यात पाच महिन्यांपूर्वीची आई चालली होती.

“नमस्कार, इंदुमती कोयंडे.”

ती थांबली नाही. अण्णांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर जाऊन बसली, पुडं सोडली, मांडली. थोडा वेळ वाट पाहिल्यासारखी बसून राहिली. मग तिनं स्वतःच जेवायला सुरुवात केली.

“घे गो थोडा,” ती मला म्हणाली. “तिकला बरा झाला हा.”

मी घास घेतला आणि खाडीकडे पाहत राहिले. धाग्याला आमची दोघींचीही खूण पटली होती, आणि दोन्ही वेळा ती चुकीची होती. आईच्या हातात एका डब्याचं वजन आलं की ती ओळखीची, नसलं की परकी. मग ज्यानं पोतं आणलं तो? तो आधी आठ दिवस याच धक्क्यावर हिंडत होता, असं चौकशीत निघालं होतं. फाटक तेव्हा अनोळख्याला अडवत असतं तर त्यानंही चाल नोंदवली असती. पोतं घेतल्यावर तो अनोळखी ठरला असता खरा. पण त्या दुपारी करंड्या, बर्फाच्या लाद्या, लेकरं कडेवर घेतलेला निम्मा गाव अनोळखी ठरला असता. आणि त्याला गेलेल्या कुणाच्या वहाणा मिळाल्या असत्या तर?

* * *

“हे तू कुणाला सांगितलंस?” वैजूताईंनी विचारलं.

प्रचार कचेरीच्या मागच्या खोलीत आम्ही दोघीच होतो; अण्णांच्या वहाणांचं आणि आईच्या डब्याचं मी नुकतंच सांगितलं होतं. बाहेर कुणीतरी झेंड्यांच्या काठ्या मोजत होतं.

“सुहैलला माहीत आहे. बाकी कुणाला नाही.”

“रोज सकाळी?”

“रोज.”

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. “काय म्हणतं? नमस्कार म्हणतं?”

“नमस्कार, विश्राम कोयंडे.”

“आमच्या पोराची नोंद करायची राहिली,” त्या म्हणाल्या. “उद्या करतो, उद्या करतो म्हणायचा.” मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा उमेदवार झाल्या. “ठीक आहे. विश्रामकाकांचं राहू दे, कुणाला कळू देऊ नकोस. बाकी गेलेल्यांची नावं पुसू. जुळणीचा नियम कडक करू.”

“कडक केलात तर आई आणखी परकी होईल. सैल केलात तर मी आणखी अण्णा होईन. एकच खिट्टी आहे, ताई. ती दोन्हीकडे एकाच वेळी फिरत नाही.”

“कुठली चाळणी शंभर टक्के असते गं? म्हणून चाळायचंच नाही?”

“चाळा. पण खडा कुठला, हे चाळणीनं ठरवू नये. माणसानं येऊन बघावं.”

“माणूस येईपर्यंत स्फोट होतो.” त्यांचा आवाज चढला नाही. “तू शिक्षिका आहेस, तुला चूक दिसली, ती तू दाखवलीस. मला चूक दाखवून भागत नाही. मला काहीतरी करायचंय. तू सांग, काय करू? हात बांधून बसू? पुढच्या वेळी कुणाचे अण्णा?”

मी खुर्ची मागे सरकवून उठले. 

“सभेत हे बोलू नकोस, एवढंच,” त्या म्हणाल्या.

“बोलणार नाही.”

“आणि चालशील?”

“शब्द दिलाय. चालेन.”

बाहेर सुहैल भेटला. मी काहीच सांगितलं नाही, तरी सभेला पायात काय घालायचं हे माझ्या मनात घोळतंय, हे त्याला कळलं असावं. तो म्हणाला, “ताई, गुपचूप आहे तोवर नाव राहतं. सगळ्यांसमोर झालं, तर त्याच संध्याकाळी मला ते पुसावं लागेल. आवाजही आणि साठवलेली पावलंही. एवढं लक्षात ठेवून चपला घाला.”

* * *

सभेच्या दिवशी उन्हं कलल्यावर मी पडवीत आले. माझी चपल केव्हाच शिवून आली होती. ती आणि अण्णांच्या वहाणा शेजारी शेजारी होत्या. मी दोन्हींकडे पाहत उभी राहिले. माझी घातली, तर उद्या सकाळीही अण्णांचं नाव मला ऐकू येईल, परवाही, कदाचित कितीतरी वर्षं. कुणाला कळणार नाही. आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचा वैजूताईंचा तिसरा प्रस्ताव टाळ्यांवर तरंगत दिल्लीला जाईल, आणि डहाणूपर्यंतच्या सगळ्या धक्क्यांवर आपल्याच वाटेवर परक्या झालेल्या बायका पत्र्याच्या शेडीत बसतील.

“तेंच्या वहाणा रोज खंय नेतंस तां माका ठावक हा,” आई मागून म्हणाली.

मी वळले. ती नऊवारीचा काठ सारखा करत होती.

“वाळू लागता तेंका. मी रोज पुसतंय आणि परत तशेच ठेवतंय.” ती जवळ आली. “सुहैल म्हणालो, फाटक तेंचा नाव घेता. खरा?”

“खरं.”

“एकदा माका आयकूचा आसा.”

मी अण्णांच्या वहाणा घातल्या.

“आई, तू येणार तर डबा घे. नाहीतर अडवतील.”

“नको. लोकांसमोर दाखवूक भरलेलो डबो कशाक? मी मीच आसंय. आडवूदेत.”

धक्का माणसांनी भरला होता, पण फाटकापर्यंतचा रस्ता दोऱ्या लावून मोकळा ठेवला होता. पलीकडे मंचावर वैजूताई. त्यांच्या मागे मोठा पडदा, पडद्यावर निळी रेघ. मी रस्त्याच्या टोकाला पाऊल ठेवलं आणि रेघेवर एक ठिपका उजळला. माझ्यामागे दुसरा.

मी घाई केली नाही. डावं पाऊल रेंगाळत होतं. संध्याकाळचं पिवळं ऊन खाडीवरून आडवं येत होतं आणि माझी सावली माझ्यापेक्षा उंच, अण्णांएवढी होऊन शेजारून चालली होती. ध्वनिवर्धकातून वैजूताई सांगत होत्या की ही कोण, हिनं काय गमावलं, आणि आता जमीन हिला कशी ओळखेल. पुढे पुढे मला शब्द ऐकू येईनात. पायाखालचा उजेड तेवढा जाणवत होता. तो जात होता आणि वळत होता, जात होता आणि वळत होता.

“नमस्कार, विश्राम कोयंडे.”

हिरवा दिवा लागला. फाटक उघडलं. मी आत गेले.

 दोरीपलीकडे एका म्हाताऱ्यानं हात जोडले. मागून आईचा एक श्वास ऐकू आला, लांब, उन्हातून सावलीत आल्यासारखा.

आणि मग खट्ट आवाज झाला. तांबडा दिवा. फाटक आमच्या दोघींच्या मधे बंद झालं.

“अनोळखी पाऊल. कृपया थांबा.”

गेलेला माणूस आत होता. त्याची बायको बाहेर.

वैजूताई मंचावरून उतरल्या. पोलिसांना हातानंच थांबवलं आणि फाटकापाशी आल्या. मला ओलांडून गजांपलीकडे आईकडे पाहिलं. बटणाएवढा माईक त्यांच्या पदराला तसाच होता, म्हणून त्यांनी हळू आवाजात विचारलेलं सगळ्या बंदरानं ऐकलं.

“काकी, डबा कुठाय?”

आईनं आपले दोन्ही रिकामे तळहात त्यांना दाखवले.

“ज्येंच्यासाठी डबो होतो ते गेले, बाय.”

 वैजूताईंनी गजांतून हात घालून आईचा हात धरला आणि सुहैल किल्ली घेऊन धावत येईपर्यंत तसाच धरून ठेवला. त्या फाटकाला किल्लीही आहे, हे गावाला तेव्हा कळलं.

* * *

वैजूताई निवडून आल्या. धागा किनाऱ्यानं वर वर सरकतो आहे. दर महिन्याला कुठल्या तरी धक्क्याचं नाव ऐकू येतं. तिसरा प्रस्ताव त्यांनी स्वतःच बदलून मांडला: फाटक यंत्रानं बंद करायचं नाही. दिवा लागला की माणसानं येऊन विचारायचं. विरोधक त्यांना मऊ म्हणतात, पक्षातले आडमुठ्या म्हणतात. मसुदा समितीत अडकलेला आहे. त्यांचा मला कधी कधी फोन येतो. त्या विचारतात, “दिवा लागला, माणूस दोन मिनिटांनी पोचला, तर?” मग आम्ही दोघी त्या दोन मिनिटांवर बराच वेळ बोलत राहतो.

पण त्या संध्याकाळी सभा उठल्यावर सुहैलनं आम्हाला त्याच्या खोलीत नेलं होतं. त्याला वरून अण्णांचं नाव पुसायचा निरोप आला होता.

“पुसायच्या आधी एकदा विचारतो,” तो म्हणाला. “तिसऱ्यांदा. ती दुपार बघायची?”

मी आईकडे पाहिलं. ती खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.

त्यानं ती दुपार लावली. निळी रेघ. कचेरीच्या दारातून एक ठिपका निघाला आणि फाटकाकडे चालू लागला. डावीकडे जरा रेंगाळणारा. त्याला कसलीही घाई नव्हती. मी इतके महिने घाबरत होते की त्यात काहीतरी असेल: धावणं, अडखळणं, कळून चुकणं. तसं काहीच नव्हतं. रोजचेच अण्णा रोजच्यासारखे चालले होते.

मग रेघेच्या दुसऱ्या टोकाला, बाजाराच्या बाजूनं, एक बारीक ठिपका उजळला. उजवीकडे जड, डावीकडे हलका.

“ह्यां कोण?” आईनं विचारलं.

“तू.”

ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. “माझ्या हातात डबो हा?”

“आहे. भरलेला.”

एकाच धाग्यावर दोन ठिपके समोरासमोरून एकमेकांकडे येत होते. एक मोठा व्हायचा तेव्हा दुसरा लहान. मधल्या काळोखात कुठेतरी ते पोतं असणार. पण पोती चालत नाहीत, म्हणून धाग्याला ती दिसत नाहीत. पडद्यावर तरी त्या दोघांच्या मधे काहीच नव्हतं.

“सुहैल,” मी म्हणाले, “इथंच थांबव.”

त्यानं थांबवलं. आईनं बोट पुढे केलं, एका ठिपक्यावर ठेवलं, आणि रेघेवरून सरकवत सरकवत दुसऱ्यापर्यंत नेलं.